चुंबकीय सेन्सरने वाहन ओळखताना
रस्त्याकडेला एलआयएस३एमडीएल मॅग्नेटोमीटर (चुंबकीय क्षेत्र मोजणारी चिप) बसवा, सेकंदाला १०० नमुने घ्या. ताशी ६० किमीने जाणारी ४ मीटरची कार जेमतेम २४ नमुने देते, त्यामुळे सेकंदाला याहून कमी नमुने नकोत. पेटी प्लास्टिकची, स्क्रू पितळेचे. लोखंडी स्क्रू वाचनच बिघडवतो.

उन्हाने शून्यपातळी (वाहन नसतानाचे वाचन) सरकते. रस्ता रिकामा असतानाची सरासरी सतत वजा करत राहा. वाहन समोर असताना मात्र ती गोठवा, नाहीतर सिग्नलला थांबलेला ट्रक ‘गायब’ होतो!

प्रत्येक वाहनाने वाचनात उठवलेली लहर ३२ बिंदूंत बसवून रँडम फॉरेस्टला (अनेक निर्णयवृक्षांच्या मतांवरून वाहनाचा वर्ग ठरवणारी पद्धत) द्या. वाहनाचा वेग त्यात हरवतो आणि वेगाशिवाय लांबी काढता येत नाही, म्हणून लांबीसाठी दुसरा सेन्सर २ मीटरवर हवाच. चाचणीचा डेटा वेगळ्या दिवसाचा ठेवा. लोरा या लांब पल्ल्याच्या रेडिओवरून (८६५-८६७ मेगाहर्ट्झ) कच्चा डेटा नको, फक्त वाहनाचा वर्गक्रमांक धाडा. बॅटरी रेडिओच खातो.