सेक्शनचा नाईक की कंपनीचा मेजर? पायदळाच्या छोट्या लढायांसाठी नियमसंच निवडताना

छोटे सैनिक मांडून टेबलावर खेळल्या जाणाऱ्या युद्धखेळांकडे, म्हणजेच मिनिएचर वॉरगेमिंगकडे, वळणारा नवखा माणूस बहुधा आधी सैनिक विकत घेतो, मग रंग आणि ब्रश आणतो, आणि नियमांच्या पुस्तकाचा विचार सर्वांत शेवटी करतो. माझेही तसेच झाले. दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश आणि जर्मन पायदळाचे १/७२ प्रमाणातले प्लास्टिकचे दोन खोके मी मागवले, दोन महिने खपून साठेक सैनिक रंगवले आणि छायाचित्रे सुंदर आहेत एवढ्याच कारणाने एक जाडजूड नियमपुस्तक घेतले. पहिल्याच संध्याकाळी लक्षात आले की त्या पुस्तकाचा निम्म्याहून अधिक भाग रणगाडे, तोफखाना आणि विमाने यांच्यासाठी आहे आणि माझे पायदळ त्यात केवळ गावाचा ताबा धरून बसण्यापुरते आहे. पुस्तक वाईट नव्हते, पण ते माझ्या प्रश्नाचे उत्तर नव्हते. मला दहा माणसांची एक तुकडी शेताच्या बांधावरून पलीकडच्या घरापर्यंत कशी पोहोचते, हे पाहायचे होते.

तेव्हापासून कोणी नवखा विचारायला आला की मी त्याला सैनिकांच्या उंचीविषयी किंवा पुस्तकाच्या किमतीविषयी काही सांगण्याआधी एकच प्रश्न विचारतो : या खेळात तुम्हाला कोण व्हायचे आहे? सेक्शनचा नाईक, प्लॅटूनचा जमादार की कंपनीचा मेजर?

हा प्रश्न नीट समजण्यासाठी त्या काळच्या पायदळाची रचना माहीत हवी. ब्रिटिश आणि भारतीय पायदळाच्या सेक्शनमध्ये पूर्ण बळ असताना दहा माणसे असत. त्यांतील तिघे ब्रेनगन ही हलकी मशीनगन सांभाळत आणि उरलेले रायफलधारी सेक्शन कमांडरबरोबर पुढे सरकत. भारतीय पलटणीत हा कमांडर नाईक असे. अशा तीन सेक्शनांचा एक प्लॅटून, त्यावर बहुधा जमादार, आणि तीन प्लॅटूनांची एक रायफल कंपनी. नाईकाला दिसतो समोरचा बांध, एक खिडकी आणि स्वतःची नऊ माणसे. जमादाराला ठरवायचे असते की कोणत्या सेक्शनने गोळीबार करून शत्रूला खाली दाबून ठेवायचे आणि कोणत्या सेक्शनने बगलेने जायचे. मेजराला एखादा सेक्शन अडकला हे कळते ते बऱ्याचदा उशिरा, आणि त्याचे खरे काम राखीव प्लॅटून केव्हा आणि कुठे घालायचा हे ठरवण्याचे असते. जो नियमसंच तुम्हाला एकाच वेळी या तिघांचीही कामे करायला लावतो, तो खेळायला थकवणारा आणि लढाई म्हणून खोटा वाटू लागतो.

माझ्याजवळ यासाठी एक मोजपट्टी आहे आणि ती मी आदराने वापरतो. १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनच्या एका कंपनीने शत्रूच्या मजबूत ठाण्यावर हल्ला केला. नाईक यशवंत घाडगे यांच्या सेक्शनवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला आणि त्यांच्याखेरीज सेक्शनमधील सर्वजण मृत्युमुखी पडले किंवा जखमी झाले. घाडगे न थांबता मशीनगनवर चालून गेले, ग्रेनेड टाकून त्यांनी गन आणि तिचा चालक निकामी केला, टॉमीगनने आणखी एकाला टिपले, आणि मॅगझिन बदलायला वेळ नसल्यामुळे तीच बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना मारले. त्यानंतर शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्यांनी ते त्याच ठाण्यात पडले. तेव्हाच्या कुलाबा आणि आजच्या रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्याच्या या बावीस वर्षांच्या नाईकाला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

नवा नियमसंच हाती आला की मी त्याला हीच परिस्थिती घालतो : एक सेक्शन, एक उघडी उतरण, समोर दबा धरून बसलेली एक मशीनगन. नियमांनी असा पराक्रम दर रविवारी घडवून आणावा, अशी माझी मुळीच अपेक्षा नसते. ज्या खेळात एकटा माणूस सहज मशीनगन जिंकतो, तो खेळ घाडगे यांनी काय केले हेच पुसून टाकतो. मला पाहायचे असते ते इतकेच की सेक्शन त्या माऱ्यात जागच्या जागी थिजतो का, त्याला पुन्हा उठवणे हे नाईकाचे खरेखुरे कष्टाचे काम होते का, आणि लाखात एखाद्या वेळी घडणाऱ्या गोष्टीसाठी नियमांत एक बारीकशी फट उरते का.

यात सर्वांत महत्त्वाचा शब्द म्हणजे ‘थिजणे’. पायदळाच्या लढाईत बहुतेक गोळ्या कोणालाही लागत नाहीत. त्या माणसाला मान वर काढू देत नाहीत, आणि तो मान खाली घालून असताना दुसरी तुकडी त्याच्या बगलेला पोहोचते. जर्मन एमजी ४२ ही मशीनगन मिनिटाला सुमारे १,२०० गोळ्यांच्या वेगाने झाडे आणि ब्रेनगनचा वेग साधारण ५०० होता. पण दोन्हींचे मुख्य काम समोरच्याला दाबून ठेवणे हेच होते. म्हणून ज्या नियमांत फासे टाकायचे, मेलेले सैनिक उचलायचे आणि उरलेल्यांनी काही न झाल्यासारखे चालत राहायचे, ते नियम पायदळासाठी घेऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

सुरुवात बहुतेकांची ‘बोल्ट अॅक्शन’ने होते आणि तसे होण्यात काही गैर नाही. वॉरलॉर्ड गेम्स आणि ऑस्प्रे यांनी २०१२ मध्ये आणलेल्या या खेळात प्रत्येक तुकडीमागे एक फासा पिशवीत जातो, दोन्ही बाजूंचे रंग वेगळे असतात, आणि न पाहता जो फासा हाती येईल त्या बाजूने आपल्या एका तुकडीला हुकूम द्यायचा असतो. हुकूम सहाच असल्यामुळे नवखा माणूस अर्ध्या तासात खेळू लागतो. मी दुसऱ्या आवृत्तीप्रमाणे खेळतो आणि तिचे गणित सांगतो. साध्या दर्जाचे दहा रायफलधारी एका जागी उभे राहून लांबच्या पल्ल्यावर उघड्यावरील तितक्याच दर्जाच्या तुकडीवर मारा करतात, तेव्हा सरासरी पाच गोळ्या लागतात आणि त्यांतून दोन-तीन माणसे पडतात. त्याशिवाय त्या तुकडीवर दडपणाची एक खूण, म्हणजे पिन, चढते. खूण असलेल्या तुकडीने हुकूम पाळावा यासाठी दोन फाशांची बेरीज मनोबलाइतकी किंवा त्याहून कमी यावी लागते. साध्या तुकडीचे मनोबल नऊ असते आणि दर खुणेमागे एक वजा होतो. एक खूण असताना ३६ पैकी २६ वेळा हुकूम पाळला जातो, तर तीन खुणा असताना ३६ पैकी १५ वेळाच. अधिकारी जवळ असल्यास त्याची मदत होते. म्हणजे थिजणे आहे, आणि ते पुरेसे बोचतेही.

माझी तक्रार आहे ती दोन गोष्टींविषयी. रायफलचा पल्ला २४ इंच धरल्यामुळे सहा फुटी टेबलावरही लढाई फार आखूड वाटते, आणि प्रत्येक तुकडीला ठरवून दिलेले पॉइंट मोजून सैन्य उभारण्याच्या पद्धतीमुळे खेळाडू खऱ्या प्लॅटूनऐवजी जास्त फासे पिशवीत घालणारा प्लॅटून बनवू लागतो. दोन मित्रांनी इतिहासाबरहुकूम सैन्य घ्यायचे असे आधीच ठरवले, तर दुसरी अडचण उरत नाही.

माझे मन जिथे रमले तो नियमसंच म्हणजे टू फॅट लार्डीज यांचा ‘चेन ऑफ कमांड’, पहिली आवृत्ती २०१३. त्यात तुम्ही प्लॅटूनचे प्रमुख असता आणि त्याहून मोठे कोणी होत नाही. खेळ सुरू होतो तेव्हा टेबलावर एकही सैनिक नसतो. दोन्ही बाजू आधी गस्तीच्या खुणा पुढे सरकवतात, त्या एकमेकींच्या १२ इंचांच्या आत आल्या की जागीच अडकतात, आणि मग त्यांच्या मागे आडोशाला तुमच्या तुकड्या प्रकट होण्याच्या जागा ठरतात. ही सुरुवात नवख्याला निरर्थक वाटते. मलाही पहिल्या दोन वेळा वाटली. तिसऱ्या वेळी माझ्या लक्षात आले की मी गस्तीची एक खूण ओढ्याच्या अलीकडे अडकू दिली आणि लढाईचा निम्मा निकाल तिथेच लागला.

त्यानंतर दर टप्प्याला साधारण पाच फासे टाकायचे. कोणाला हुकूम देता येईल ते फासे सांगतात : एक म्हणजे एखादी छोटी टीम, दोन म्हणजे सेक्शन, तीन म्हणजे नाईक, चार म्हणजे जमादार. पाचांचे गुण साठवून पुढे वापरता येतात आणि दोन सहा आले तर पुढचा टप्पाही तुमचाच. एका संध्याकाळची गोष्ट सांगतो. माझा सेक्शन गव्हाच्या शेतात पडून होता, त्याच्यावर दडपणाचे, इथल्या भाषेत शॉकचे, चार ठिपके होते, आणि मी टाकले ६, ६, ५, ५, १. नाईकाला हलवण्यासाठी तीन हवा होता, तो आला नाही. उरलेल्या एक्क्यावर मी ब्रेनगनच्या तिघांना बांधावरून मारा करायला लावले. ब्रेनगनचे सहा फासे पडले आणि जर्मन गनवर दोन शॉक बसले. दोन सहा आल्यामुळे पुढचा टप्पाही माझा होता आणि त्यात तीन आला. नाईकाला दोनच गोष्टी करता येतात. दोन्ही त्याने माणसांना सावरण्यात घालवल्या आणि चाराचे दोन ठिपके झाले. त्याच टप्प्यात आलेल्या दोनावर सेक्शन उठून धावला, दोन फाशांवर सात आले, दोन ठिपक्यांचे दोन वजा झाले, आणि माणसे पाच इंच पुढे जाऊन उघड्यावरच थांबली. पुढचा बांध सहा इंचांवर होता.

त्या एका इंचाने मला जे शिकवले ते नियमपुस्तकाच्या पानांतून उमगले नव्हते. इथे किती अंतर जाता येईल हे आधी कळत नाही, त्यामुळे नाईकाने आधी माणसे सावरायची की शत्रू सावरण्याआधी धावायचे, हा निर्णय खरा निर्णय होतो. शॉक माणसांच्या संख्येहून वाढला की तुकडी थिजते आणि दुप्पट झाला की मोडते, हेही सेक्शन छोटा होत गेल्यावर फार झपाट्याने जाणवते. या नियमांत उणीव आहेच. पुस्तक शिकायला वेळ लागतो, आणि एकट्याने खेळताना प्रकट होण्याच्या जागांचे गुपित उरत नाही.

‘क्रॉसफायर’ हा १९९६ चा आर्टी कॉन्लिफ यांचा नियमसंच मात्र वेगळ्याच वाटेने जातो. त्यात मोजपट्टी नाही आणि ठरावीक डावही नाहीत. शत्रूने अडवेपर्यंत किंवा तुमचा प्रयत्न फसेपर्यंत तुम्ही हालचाल करत राहता. एका तळावर, म्हणजे एकाच छोट्या पट्टीवर, चिकटवलेले दोन-तीन सैनिक म्हणजे अख्खा सेक्शन, आणि तुम्ही कंपनी किंवा त्याहून मोठ्या दलाचे नेते. सेक्शन तीन फासे टाकतो, पाच किंवा सहा आले की मार लागतो, एका माराने समोरचा अडकतो, दोनांनी दबतो आणि तिन्ही लागले तरच संपतो. तिन्ही लागण्याची शक्यता २७ मध्ये एक आहे. एवढ्या साध्या नियमांतून मेजराचा दृष्टिकोन नेमका उभा राहतो. पण टेबलावर झाडी, बांध, घरे यांची गर्दी हवी, नाहीतर हा खेळ कोसळतो. घाडगे यांची परिस्थिती मी यात घातली, तेव्हा त्यांचा सेक्शन एका तळाएवढा होता. तो तळ उचलला आणि सगळे संपले. यात नियमांची चूक नाही. मेजराच्या अंतरावरून नाईक दिसत नाही.

जागेचा प्रश्न आपल्याकडच्या घरांत सर्वांनाच पडतो. बहुतेक नियमसंच सहा फूट बाय चार फुटांचे टेबल गृहीत धरतात. प्लायवूडच्या दुकानात आठ बाय चारची एमडीएफची फळी मिळते, ती सहा फुटांवर कापून, मधोमध दोन तुकडे करून जेवणाच्या टेबलावर ठेवली की काम होते. तेवढीही जागा नसेल तर १५ मिलिमीटरचे सैनिक घ्यावेत आणि नियमांतील प्रत्येक इंच सेंटिमीटर समजावा. मग लागणारी जागा ७२ बाय ४८ सेंटिमीटर होते, म्हणजे कापड अंथरलेल्या कॅरमबोर्डावर ती सहज मावते. गव्हाच्या शेतासाठी काथ्याचे पायपुसणे कापून घ्यावे. मी आजवर पाहिलेल्या विकतच्या शेतांपेक्षा ते चांगले दिसते.

पैसे खर्च करण्यापूर्वी एक पद्धत पाळावी. कोणत्याही सैनिकांशिवाय, कागदाचे चौकोन कापून, वर सांगितलेली एकच परिस्थिती तीन वेळा खेळावी : दहा माणसे, एक बांध, समोर एक मशीनगन. दर वेळी वहीत लिहावे की आपण कोणता निर्णय घेतला, तो घेताना काय माहीत नव्हते, आणि पुस्तक किती वेळा उघडावे लागले. माझ्या वहीत ‘चेन ऑफ कमांड’च्या पहिल्या खेळापुढे एकोणीस वेळा पुस्तक उघडल्याची नोंद आहे आणि तिसऱ्यापुढे चार. तिन्ही खेळांत सेक्शन बांधापर्यंत पोहोचला तो एकदाच, आणि तेव्हा त्यात नाईकासह चार माणसे उरली होती.