शाळेच्या भिंतीला ओल आली की

शाळेच्या इमारतीची देखभाल माझ्याकडे आहे. वर्गात ओल दिसली की सगळे आधी रंगाचं बोलतात. रंग राहू द्या, पाणी कुठून येतंय ते शोधा. मी पेन्सिलीने डागाची कड आखते आणि शेजारी तारीख लिहिते. पाऊस पडल्यावर डाग रेषेबाहेर गेला, तर गच्ची किंवा बाहेरच्या भिंतीचे तडे बघायचे. कोरड्या दिवसांतही वाढत राहिला, तर पाण्याची पाइपलाइन. जमिनीलगत पोपडे आणि पांढरा लोणा, म्हणजे भिंतीतून बाहेर आलेले क्षार, दिसला, तर बहुधा ओल जोत्यातून चढते आहे.

एकदा एका वर्गाचं छत गळत होतं. वर गेले तर गच्चीवर चार बोटं पाणी. पाइपच्या तोंडात हात घातला, तर पाचोळ्याखाली रबरी चेंडू घट्ट बसलेला. तो निघाला आणि पाणी गडगडत उतरलं. तेव्हापासून प्रत्येक तोंडावर घुमटासारखी जाळी आहे. सपाट जाळी चार पानांनी बंद होते. पावसाच्या दिवसांत दर आठवड्याला मी स्वतः गच्चीवर जाते.

गच्चीला मीटरमागे किमान 1 सेंटिमीटर उतार हवा. पाऊस थांबून 48 तास झाले तरी पाणी साचलेलं असेल, तर उतार चुकला आहे. कठडा आणि गच्ची जिथे मिळतात तो कोपरा गोल भरून घ्या, गळती बहुतेक तिथूनच सुरू होते. वॉटरप्रूफिंग झाल्यावर पाणी 24 तास तुंबवून खालून छत बघा, मगच काम ताब्यात घ्या. तड्यात उगवलेलं रोप नुसतं उपटू नका, मूळ काढून तडा भरा.

मुलांची फुलझाडं भिंतीला चिकटून नकोत. रोज हौसेने घातलेलं पाणी पायाकडे मुरतं. वाफे लांब न्या, मातीचा उतार भिंतीपासून बाहेरच्या बाजूला ठेवा.

दोन बाबतींत मात्र थांबू नका. स्विचबोर्डाजवळ ओल आली, तर तिथली वीज बंद करा. छताला काठीने ठोकून बद्द आवाज आला किंवा तांबूस डाग दिसले, तर वर्ग रिकामा करून इंजिनिअरला बोलवा. आतली सळई गंजून फुगली की गिलावा खाली येतो.

गळती थांबली तरी भिंत वाळायला आठवडे लागतात. हातभर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर लावा. दुसऱ्या दिवशी आतून दव धरलेलं दिसलं, तर रंगाऱ्याला अजून बोलावू नका.