रिकाम्या ताटांची रंगीत तालीम

2010 च्या जूनमध्ये मी शिक्षण सेवक म्हणून रुजू झाले, तेव्हा माझ्या पिशवीत कार्डशीटची एक गुंडाळी होती. त्यावर स्केचपेनने लिहिलेले एकवीस नियम. व्हरांड्यात पळू नये, वर्गात बोलू नये, नळाचं पाणी सांडू नये. सगळे 'नये'वाले. नगर जिल्ह्यातली (आता अहिल्यानगर) पहिली ते चौथीची जिल्हा परिषद शाळा, पट 96, शिक्षक आम्ही चौघं. तक्ता दिमाखात दाराशेजारी लावला. पहिलीच्या पोरांना तो वाचता येत नव्हता, आणि चौथीच्या पोरांनी वाचून मलाच विचारलं, "मॅडम, घंटा झाल्यावर तुम्ही पण पळताच की!"

शिक्षण हक्क कायदा त्याच वर्षी 1 एप्रिलला लागू झाला होता. त्याच्या कलम 17 ने शारीरिक शिक्षा बंद झाली आणि मानसिक त्रासही. म्हणजे 'ढ', 'मठ्ठ', 'तुझ्या डोक्यात शिरणारच नाही' हेसुद्धा. नव्याने लागणाऱ्यांनी हे कलम स्वतः एकदा वाचावं, कारण गावात तुम्हाला नेमका उलटा सल्ला मिळेल. "मॅडम, दोन ठेवून द्या, आमची काही तक्रार नाही," असं मला पहिल्याच महिन्यात तीन बापांनी सांगितलं. छडी कपाटामागे गेली खरी, पण तिच्या जागी काय आणायचं हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं.

मी तारे आणले. चांगलं वागलं की नावापुढे चिकटवायचा एक चमकता तारा. पंधरा दिवस शाळा नुसती सोन्यासारखी! मग एके दिवशी तिसरीतल्या एका मुलीने स्वतःच्या वहीचा कागद टरकावला, खाली टाकला, उचलला आणि माझ्याकडे बघत उभी राहिली. चूक तिची नव्हती, हिशोब मीच तसा शिकवला होता. पुढे कळलं की 1973 साली अमेरिकेत मार्क लेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच बालवाडीतल्या मुलांवर तपासलं होतं. चित्रं काढायची आवड असलेल्या काही मुलांना त्यांनी बक्षिसाचं आधीच कबूल केलं. पुढे मोकळ्या वेळात ही मुलं बाकीच्यांच्या जेमतेम निम्मा वेळ चित्रं काढत बसली. ज्यांना बक्षीस अवचित मिळालं, त्यांची आवड मात्र कमी झाली नाही. तारे मी टाकून दिले नाहीत, पण 'हे केलंस तर ते मिळेल' हे वाक्य सोडून दिलं.

आमचा खरा गोंधळ वर्गात नव्हताच. वर्गात प्रत्येकाची मुलं प्रत्येकाला बरी सांभाळता यायची. भांडणं व्हायची ती कुणाच्याच नसलेल्या जागी: नळाशी, चपला काढायच्या पायरीवर, आणि सगळ्यांत जास्त खिचडीच्या रांगेत. तिथे एक गुरुजी म्हणायचे, "मुली आधी," दुसरे म्हणायचे, "चौथी आधी, त्यांना वाढायला यायचंय," मी म्हणायचे, "लहान आधी," आणि स्वयंपाकी ताई, जिच्या हातात पळी, ती जो जवळ येईल त्याला वाढायची. चार मोठी माणसं चार नियम सांगत असतील तर पोरं पाचवा काढणारच. तो होता ढकलण्याचा.

शेवटी एका शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही चौघं आणि दोघी स्वयंपाकी ताया निंबाखाली बसलो. तायांना बोलावल्याबद्दल आधी थोडी कुरकुर झाली. पण मला वाटतं, त्या दिवसाचं सगळं शहाणपण त्यांच्याचकडून आलं. थोरली ताई म्हणाली, "पोरं ढकलत्यात कारण त्यांना वाटतं खिचडी संपंल. त्यांना पातेलं दिसू द्या." तेवढ्यावर आम्ही पातेलं ओट्यावरून खाली आणलं. मग ठरलं: पहिली आधी, चौथी शेवटी, ताट दोन्ही हातांनी छातीशी धरायचं. सगळ्यांनी म्हणायचं वाक्यही एकच, "ताट छातीशी." 'ढकलू नका' कुणी म्हणायचं नाही, कारण ढकलणाऱ्या पोराला त्याऐवजी हातांचं काय करायचं ते त्यातून कळत नाही.

आणि सोमवारी आम्ही तालीम घेतली. खिचडी नाही, नुसती रिकामी ताटं. 96 मुलं रांगेत, ताई रिकामी पळी ताटात उलटी करतेय, पोरं हसून बेजार. तीन वेळा केली. कवायत शिकवतो, पाढे शिकवतो, मग रांग लावणं पोराला पोटातूनच येतं असं आपण का धरून चालतो कोण जाणे. तालीम पंधरा दिवसांनी पुन्हा घ्यावी लागते, दिवाळीच्या सुट्टीनंतर तर हमखास. चपलांचंही असंच, फक्त तिथे पायरीवर खडूने पावलं काढली की भागलं.

कौतुकाबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण नवे शिक्षक तिथे फसतात. 'शाब्बास' दिवसाला शंभरदा म्हटलं की ते पंख्याच्या आवाजासारखं होतं. काय केलं ते सांगा: "तू थांबलास म्हणून त्या पहिलीतल्या पोरीला पाणी पिता आलं." बस. चौथीतल्या काही मुलांना सगळ्यांसमोर कौतुक नको असतं. जाता जाता हळूच सांगा. परिपाठात आम्ही पाच मिनिटं 'काल काय दिसलं' ठेवलं. सुरुवातीला जो तो आपापल्या दोस्ताचंच नाव घ्यायचा. मग दुसऱ्या वर्गातल्याच मुलाचं सांगायचं असं ठरवलं, तेव्हा कुठे पोरं एकमेकांकडे बघायला लागली.

काही मुलांना यातलं काहीच लागू पडत नाही. दुसरीतला एक मुलगा, बाळू म्हणू त्याला, रोज कुणाला तरी मारायचा. मी एकदा सगळ्यांसमोर त्याला नको ते बोलले आणि दुसऱ्या दिवशी तो शाळेलाच आला नाही. त्यानंतर मी वहीत मांडायला लागले: वार, वेळ, जागा, मारामारीच्या आधी काय झालं. तीन आठवड्यांनी वही उघडली तर बहुतेक नोंदी जेवणाच्या सुट्टीआधीच्या तासाभरातल्या. आईबाप पहाटेच कांदे काढायला जायचे, पोरगं उपाशी यायचं. कपाटात फुटाण्याचा डबा ठेवला, छोट्या सुट्टीत ज्याला लागतील त्याने घ्यावेत, विचारायचं नाही. मारणं थांबलं नाही, कमी झालं. मारलंच तर 'सॉरी म्हण' आम्ही बंद केलं. ज्याला लागलं त्याला नळावर न्यायचं, पट्टी आणून द्यायची, सांडलेलं दप्तर भरून द्यायचं. पण पोर अचानक गप्प झालं, अंगावर वळ दिसले, कुणाला पाहून दचकलं, तर तिथे वही आणि फुटाणे पुरत नाहीत. त्याच दिवशी मुख्याध्यापकांना सांगा, 1098 या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन लावा.

बाळूने एकदा भांडण सोडवलं, तेव्हा मी त्याच्या वडिलांना फोन केला. पलीकडून पहिलं वाक्य, "काय केलं त्यानं? मी येतो आत्ताच." शाळेचा फोन म्हणजे तक्रारच, हे त्यांच्या इतकं अंगवळणी पडलेलं. चांगलं सांगायला फोन केलाय हे पटवायला दोन मिनिटं गेली. शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात, पण सभेत बोलणं होतं ते भिंत, पत्रे आणि रंगाचं. मी एकदा सगळ्यांना खिचडीची रांग दाखवायला नेलं. एक आजोबा म्हणाले, "लग्नात पण अशी लावा." तेव्हापासून घरी मारणं बंद झालं असं मी म्हणणार नाही, पण 'दोन ठेवून द्या' म्हणणारे कमी झाले.

तुमची शाळा 15 जूनच्या आसपास उघडत असेल (विदर्भात थोडी उशिरा), तर पहिले पंधरा दिवस धड्यांची घाई करू नका. आधी दोन जागा निवडा, सगळ्या एकदम नाही. कोण कुठे उभं राहणार ते ठरवा. केंद्रप्रमुख (आसपासच्या शाळांवर देखरेख करणारे अधिकारी) आले आणि विचारलं, "पान किती झालं?" तर रांग दाखवा, आमचे आधी कपाळाला आठ्या घालून बघत होते, मग ताट घेऊन चौथीच्या मागे उभे राहिले.

शौचालयाचं मात्र आम्हाला कधीच जमलं नाही. तक्ता लावला, पाळ्या लावल्या, तालीमही घेतली. फेब्रुवारीनंतर टाकीला पाणीच नसायचं. पाणी नसताना पोराला 'पाणी टाकून ये' कसं सांगणार? बदली होईपर्यंत मी तिथे रोज सकाळी दोन बादल्या भरून ठेवायचे, आणि त्या दुपारपर्यंत संपायच्या.