खाडीकाठच्या घोळीची खारी पूड : थंडीतच करून ठेवा

भात झोडून झालं, वाल पेरून झाले की खारेपाटात, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यात, जरा उसंत मिळते. बांधाच्या खाडीकडच्या अंगाला पसरलेली घोळ, म्हणजे खारट पानांची वेल, याच दिवसांत काढावी. तिचा पाला वाळवून मिठासारखी वरून घालायची पूड होते. पावसात वाळवणार कुठे?

ओळख पक्की हवी. शास्त्रीय नाव सेसुव्हियम पोर्टुलाकॅस्ट्रम. पानं जाड, गुळगुळीत, समोरासमोर. खोड लालसर, पेराला मुळं, फूल बारीक गुलाबी चांदणीसारखं. पान मोडलं की नितळ पाणी सुटतं. पांढरा चीक आला तर ती घोळ नव्हे, लगेच टाकून द्या. वाळूत मर्यादवेलही शेजारीच पसरते आणि ती पोटात गेली तर जुलाब होतात.

सगळ्यात जपायचं ते जागेला. ही वनस्पती मिठासारखेच चिखलातले शिसं, कॅडमियमसारखे जड धातूही ओढून घेते, आणि ते धुऊन जात नाहीत. कारखान्याचं किंवा गटाराचं पाणी येणाऱ्या खाडीतली घोळ कितीही हिरवीगार दिसो, तिला हात लावू नका. कांदळवनातही शिरू नका, त्याला कायद्याचं संरक्षण आहे. आपल्या बांधावरचीच घ्या.

फक्त कोवळे शेंडे खुडा. गोड्या पाण्यातून दोनदा झटपट काढा. भिजत ठेवले तर खार पाण्यात जातो. बारीक चिरून स्वच्छ कापडावर पातळ पसरा. पानं मांसल, त्यामुळे कडक उन्हातही चार-पाच दिवस लागतात. संध्याकाळी दव पडायच्या आत उचला. चुरताना कुरकुर वाजलं पाहिजे. मग मिक्सरमधून काढून मलमलच्या कापडाने चाळा. 1 किलो ओल्या पाल्याची साधारण 100 ग्रॅम पूड होते. जाळून राख मात्र करू नका. अशा खाऱ्या झाडांच्या राखेपासून पूर्वी सज्जीखार (धुण्याच्या सोड्यासारखा क्षार) काढत, ते मीठ नव्हे.

भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायने संशोधन संस्थेने सॅलिकोर्निया या खाजणातल्या वनस्पतीपासून असंच मीठ तयार केलं आहे. आपली पूड त्यापेक्षा साधी, पाल्यासकट असते. ताकात, कोशिंबिरीवर, पोपटीतल्या, म्हणजे मडक्यात भाजलेल्या, वालावर फार छान लागते.

पण हे रक्तदाबाचं औषध नाही. पुडीत पाला मिसळलेला असल्याने चमच्यामागे सोडियम कमी येतं, इतकंच. नेहमीइतकं खारट होईस्तोवर घातली की तेवढंच सोडियम पोटात जातं. तिच्यात पोटॅशियम आणि ऑक्झलेटही असतं, म्हणून मूत्रपिंडाचा किंवा मुतखड्याचा त्रास असलेल्यांनी ती खाऊच नये. आयोडीनची भरवशाची मात्रा हिच्यात नाही, तेव्हा रोजच्या स्वयंपाकात आयोडीनयुक्त मीठच राहू द्या.

पूड काचेच्या बरणीत भरा. हवेतला ओलावा ती लगेच ओढते आणि पत्र्याचा डबा गंजतो. पावसाळ्याआधी संपेल एवढीच करा.

खुडून उरलेल्या जून वेलीचे दोन-तीन पेरांचे तुकडे बांधाच्या ओल्या चिखलात दाबून टाका, ते तिथेच मूळ धरतात.