सायकलची ट्यूब निवडताना टायरवरचे आकडे वाचा

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावी पऱ्हाटीच्या वावराकडे जाणाऱ्या पांदणीत बाभळीचे काटे फार असल्यामुळे मुलीच्या सायकलची ट्यूब ठिगळांनी भरून गेली, म्हणून मी आठवडी बाजारातून ‘२६ ची’ एवढेच सांगून नवी ट्यूब आणली. ती चार दिवसांत उतरली. टायर उघडून पाहिले, तेव्हा ट्यूबला आत आडवी घडी पडून नेमकी तिथेच ती चिरलेली दिसली.

टायरच्या बाजूची माती ओल्या फडक्याने पुसल्यावर २६ × १ ३/८ आणि त्याखाली ३७-५९० असे आकडे उमटलेले आढळले. ट्यूबवर मात्र २६ × २.१२५ होते, म्हणजे ती जाड टायरच्या सायकलची, ५५९ मिलिमीटरच्या रिंगची होती. टायरवरच्या ३७-५९० पैकी ३७ ही टायरची रुंदी आणि ५९० हा रिंगवर टायर बसतो तिथला व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. ‘२६’ या एकाच नावाखाली निरनिराळ्या मापांच्या रिंगा येत असल्याने माझ्या मते हीच जोडी खरी मानावी.

दुसऱ्या खेपेस मी हे आकडे कागदावर लिहून नेले आणि जुनी ट्यूबही सोबत घेतली, कारण वॉल्व्हचा प्रकारही जुळावा लागतो. बसवण्यापूर्वी टायरच्या आतून बोट फिरवून रुतलेला काटा काढला, ट्यूबमध्ये थोडी हवा भरून तिला गोल आकार दिला आणि मगच ती आत सरकवली.