पावसाळाभर उभी राहिलेली गाडी पेट्रोल गळतेय? खंडेनवमीच्या आधी हे काम उरकून घ्या

घटस्थापना जवळ आली की आमच्या गल्लीत एकेक ताडपत्री निघायला लागते. कोल्हापुरात जूनमध्ये पाऊस लागला की बऱ्याच घरांतली दुसरी मोटारसायकल, म्हणजे वडिलांची जुनी नाहीतर कॉलेजात असताना घेतलेली, जिन्याखाली किंवा पत्र्याच्या शेडमध्ये जाते आणि खंडेनवमीला धुवायलाच बाहेर येते. नदीकाठचे लोक तर राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटांच्या इशारा पातळीकडे सरकली की गाड्या उंचावरच्या पाहुण्यांकडे नेऊन लावतात आणि त्या तिथंच राहतात. तीन-चार महिन्यांनी टाकीखालचा पेट्रोलचा कॉक उघडला की खाली टप टप सुरू.

आमच्या घरी असंच झालं होतं. वडिलांची शंभर सीसीची गाडी धुऊन पुसून दारात लावली होती, हँडलला झेंडूचा हार होता. आई निरांजनाचं ताट घेऊन आली तेव्हा मी पलीकडच्या बाजूला वाकून बघत होतो, कारण पेट्रोलचा वास येत होता. कार्बोरेटरच्या, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागाच्या, खालच्या नळीतून थेंब पडून फरशीवर वीतभर डाग पसरला होता. आईला तिथंच थांबवलं. त्या दिवशी पूजा संध्याकाळी झाली. तेव्हापासून मी पूजेच्या आठ दिवस आधीच गाडी बाहेर काढून कॉक उघडून बघतो. तुम्हीही तेवढा अवधी हाताशी ठेवा. सुट्टीच्या दिवशी एखादा पार्ट लागला तर दुकान उघडं सापडत नाही.

इथलं सगळं कार्बोरेटरच्या गाड्यांसाठी आहे. एप्रिल 2020 पासून आलेल्या बीएस 6, म्हणजे धुराच्या नव्या नियमांच्या, गाड्यांबद्दल पुढे थोडं लिहिलं आहे. आणि गाडी पुराच्या पाण्यात बुडाली असेल तर हा लेख तिच्यासाठी नाही. ती किकसुद्धा न मारता मिस्त्रीकडे न्या.

आधी आग लांब

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर जात नाही, फरशीवरून पाण्यासारखी सरकत जाते आणि पलीकडच्या खोलीतल्या समईपर्यंत किंवा गॅस गिझरपर्यंत पोचते. म्हणून गळणारी गाडी पार्किंगमध्ये उघडू नका. ढकलत उघड्यावर न्या, इंजिन थंड असू द्या, कॉक बंद करा, चावी काढा, बॅटरीची मायनस वायर सोडवून ठेवा. उजेडासाठी वायरला लटकवलेला बल्ब नको, दिवसाउजेडी काम करा. शेजारी बादलीभर कोरडी वाळू ठेवा. पेट्रोल पेटलं तर पाणी मारायचं नाही, कारण पेट्रोल पाण्यावर तरंगतं आणि आग आणखी पसरते.

गळती नेमकी कुठून, ते आधी शोधा

बहुतेक जण इथंच चुकतात. थेंब कार्बोरेटरखाली दिसला की लगेच कार्बोरेटर खोलतात, आणि गळत असतो वरचा पाइप. पेट्रोल उतारानं वाहत येतं, त्यामुळे थेंब पडतो ती जागा आणि गळतीची जागा एकच असेल असं नाही.

गाडी डबल स्टँडवर घ्या. टाकीच्या बुडापासून कार्बोरेटरच्या खालच्या नळीपर्यंत सगळं कोरड्या सुती फडक्यानं पुसा. खाली जुना पेपर अंथरा. आता कॉक चालू करा आणि दहा मिनिटं तिथून हलू नका. वरून खाली कोरडं बोट फिरवत या: टाकी आणि कॉकचा जोड, कॉकची खिट्टी, पाइपचं वरचं टोक, खालचं टोक, कार्बोरेटरच्या वाटीची कड, आणि शेवटी ओव्हरफ्लोची, म्हणजे जास्तीचं पेट्रोल बाहेर सोडणारी, नळी. सगळ्यात वरची ओली जागा सापडली की तीच गळती. कॉक बंद असतानाही पेपर भिजत असेल तर दोष टाकीत, कॉकच्या जोडात किंवा कॉकमध्येच.

जुनं पेट्रोल काढा

जागा सापडली की कॉक बंद करून पाइप सोडवा, त्याचं तोंड बाटलीत धरा आणि कॉक रिझर्व्हवर करून टाकी रिकामी करा. पहिली अर्धी बाटली काचेची घ्या आणि दहा मिनिटं स्थिर ठेवून बघा. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल 20 टक्क्यांपर्यंत असतं, आपल्याच भागातल्या उसापासूनही ते बनतं. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. पावसाळ्यात अर्ध्या रिकाम्या टाकीत ओलाव्याला तोटा नसतो. पाणी पुरेसं जमलं की ते इथेनॉलला घेऊन बुडाशी बसतं आणि बाटलीत खाली वेगळा थर दिसतो. रिझर्व्हची वाट टाकीच्या बुडातूनच जाते, म्हणून गाडी रिझर्व्हला लावली की नेमकं हेच पाणी कार्बोरेटरमध्ये उतरतं. असा थर दिसला किंवा पेट्रोलला वॉर्निशसारखा आंबूस वास आला तर ते परत टाकीत ओतू नका. गटारातही नको. गॅरेजवाल्याला विचारून त्याच्याकडे द्या.

पाइप

रबराचा पाइप सुकला की टोकाशी बारीक चिरा पडतात. तो बोटांत वाकवून बघा, चिरा उघडतात. नुसतं टोकच खराब असेल आणि लांबी पुरत असेल तर अर्धा इंच कापून पुन्हा बसवता येतो, पण मी तसं करत नाही. पाइप स्वस्त असतो, नवाच घाला. जुना तुकडा नमुन्याला घेऊन दुकानात जा आणि पेट्रोलचाच पाइप मागा. पाण्याचा पारदर्शक पाइप किंवा सलाइनची नळी लावलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. पेट्रोलनं ती आधी पिवळी पडते, मग लाकडासारखी कडक होते आणि एक दिवस टोकावरून निसटते. दोन्ही टोकांच्या स्प्रिंगच्या क्लिपाही बदला.

कॉक

टाकी आणि कॉक यांच्यामध्ये ओ-रिंग, म्हणजे गोल रबरी रिंग, असते. टाकी पूर्ण रिकामी करून कॉकचे बोल्ट खोला. आतल्या जाळीवर गंजाचा चिखल बसलेला असेल तर तो धुऊन घ्या आणि ओ-रिंग नवीन बसवा. बोल्ट आवळताना जोर लावू नका, बेताचेच आवळा. खिट्टीच्या मागून गळत असेल तर आतला भोकं असलेला रबरी वायसर गेलेला असतो. काही कॉक खोलता येतात, काही रिव्हेट मारलेले असतात. रिव्हेटवाला असेल तर पूर्ण कॉकच बदला.

ओव्हरफ्लो, म्हणजे निडल

पावसाळ्यानंतरची गळती बहुतेक वेळा इथलीच निघते, म्हणून हे जरा सविस्तर.

कार्बोरेटरच्या खालच्या वाटीत एक फ्लोट तरंगत असतो. पेट्रोल भरलं की फ्लोट वर उचलला जातो आणि एक छोटी निडल वरच्या भोकात बसून वाट बंद करते. घरातल्या पाण्याच्या टाकीतला फुगा करतो तेच काम. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली की वाटीतलं पेट्रोल उडून जातं, फ्लोट खाली बसतो, निडल उघडी राहते, आणि मागे उरलेला चिकट पिवळा थर तिच्याभोवती वाळतो. मग तुम्ही कॉक उघडता. फ्लोट वर येतो, पण निडल नीट बसत नाही. पेट्रोल येतच राहतं आणि ओव्हरफ्लोच्या नळीतून बाहेर पडतं.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका वयस्कर मिस्त्रींनी मला पहिला उपाय सांगितला तो असा : "लगेच खोलू नका. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं वाटीला दोन-तीन हलक्या टिचक्या मारा. नुसती चिकटली असंल तर सुटंल." खरंच पुष्कळदा सुटते. मूठ लाकडाची किंवा प्लास्टिकची हवी, आणि मारायचं दार वाजवल्यासारखं. त्यानंतर वाटीच्या तळाचा ड्रेन स्क्रू ढिला करून थोडं ताजं पेट्रोल वाहू द्या, कचरा निघून जातो. एवढ्यावर गळती थांबली आणि अर्धा तास थांबलेली राहिली तर पुढचं खोलायची गरज नाही.

नाही थांबली तर कार्बोरेटर काढा. काढण्याआधी मोबाईलवर चारही बाजूंनी फोटो घ्या, कुठली नळी कुठं होती ते नंतर आठवत नाही. वाटीचे स्क्रू मऊ असतात आणि त्यांचे खाचे पटकन जातात, म्हणून बरोबर मापाचा स्क्रू ड्रायव्हर घ्या आणि दाबून धरूनच फिरवा. वाटी निघाली की फ्लोटची पिन हलक्या हातानं बाजूला सरकवा. फ्लोट आणि निडल बरोबरच बाहेर येतील. खाली पांढरं फडकं पसरून ठेवा, निडल तांदळाच्या दोन-तीन दाण्यांएवढीच असते.

आता ती निडल उजेडात धरा. टोकाच्या काळ्या रबरावर नखानं ओढल्यासारखी गोल रेघ उमटलेली दिसेल. नुसती सावलीसारखी असेल तर निडल अजून चालेल. नखाला खाच लागत असेल तर ती संपली. फ्लोट कानाशी धरून हलवा. आत पेट्रोल खुळखुळलं तर तो भोक पडून जड झालाय, बदलावाच लागेल. निडल जिथं बसते ती पितळेची सीट कार्बोरेटर क्लीनर आणि कान साफ करायच्या कापसाच्या काडीनं पुसा. पॉलिश पेपर लावू नका, सीटला एक ओरखडा आला तरी गळती कायमची होते. वाटीच्या तळाला पांढरी भुकटी दिसली तर ती पाण्यामुळे धातूला आलेली असते. खरवडून धुवा आणि दोन्ही जेट, म्हणजे पेट्रोल जाण्याची बारीक भोकाची पितळी नळकांडी, उजेडाकडे धरून आरपार दिसतं का बघा.

जोडल्यावर गाडीला लावण्याआधी एक परीक्षा घ्या. कार्बोरेटर उलटा धरा, म्हणजे फ्लोटच्या वजनानं निडल बंद होते. पेट्रोल आत येतं त्या नळीला स्वच्छ, कोरडा पाइप लावून तोंडानं हलकं फुंका. हवा अजिबात जाता कामा नये. फ्लोट बोटानं उचला, की हवा गेली पाहिजे. पाइपातून हवा तोंडात ओढायची नाही, फक्त फुंकायची. ही परीक्षा पास झाल्याशिवाय मी कार्बोरेटर बसवत नाही.

वाटीची कड ओली होत असेल तर तिचा गॅस्केट, म्हणजे जोडातलं रबर, सुकून आखडलेला असतो. पेट्रोलमध्ये भिजून तो कधी कधी एक-दोन दिवसांत पुन्हा फुगतो आणि गळती आपोआप थांबते. त्याच्या भरवशावर राहू नका, पुढच्या वर्षी तीच जागा पुन्हा गळेल.

किक मारण्याआधी ऑइल बघा

ओव्हरफ्लो झालेलं पेट्रोल नेहमी बाहेरच पडतं असं नाही. काही वेळा ते इंजिनात उतरून ऑइलमध्ये मिसळतं. ऑइलची काडी काढून लेव्हल बघा आणि वास घ्या. लेव्हल वाढलेली असेल किंवा पेट्रोलचा वास येत असेल तर ऑइल बदलूनच गाडी चालू करा. पातळ झालेलं ऑइल बेअरिंग आणि पिस्टनला वंगण देत नाही. पाच मिनिटांच्या घाईपायी इंजिनाचं काम निघू शकतं.

टाकीलाच भोक असेल तर

बुडाशी गंजून टाचणीएवढं भोक पडतं. एम-सील लावून गाडी गॅरेजपर्यंत नेता येते, तेवढंच. घरी किंवा ओळखीच्या ग्रिलवाल्याकडे वेल्डिंग करून घेऊ नका. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची, कारण तिच्यात वाफ असते आणि ठिणगी पडली की स्फोट होतो. टाकीचीच कामं करणारा माणूस शोधा.

बहुतेक बीएस 6 गाड्यांत कार्बोरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शन असतं. पंप टाकीत असतो आणि पाइपात दाब साधारण 3 बार, म्हणजे कारच्या टायरपेक्षाही जास्त. तिथला पाइप सोडवला तर पेट्रोल फवाऱ्यासारखं अंगावर येतं. वास आला तर चावी काढा आणि गाडी टेम्पोत घालून सर्व्हिस सेंटरला पाठवा.

शेवटची तपासणी, आणि पुढचा जून

सगळं जोडून झालं की टाकीत रिझर्व्हच्या वर जाईल एवढं ताजं पेट्रोल टाका, खाली कोरा पेपर ठेवा आणि पंधरा मिनिटं कॉक चालूवर, मग पंधरा मिनिटं रिझर्व्हवर ठेवा. पेपर कोरडा असेल तरच बॅटरीची वायर जोडून किक मारा. इंजिन गरम झाल्यावर पुन्हा एकदा बोट फिरवा. पूजेच्या वेळी निरांजन आणि उदबत्ती गाडीपासून चार हात लांबच ठेवा, हार घालायला काही हरकत नाही.

पुढच्या मे अखेरीस गाडी आत लावताना लोखंडी टाकी जवळपास काठोकाठ भरा, म्हणजे आत ओलाव्याला आणि गंजाला जागा उरत नाही. मग कॉक बंद करून इंजिन चालूच ठेवा, वाटीतलं पेट्रोल संपून ते आपोआप बंद पडेल. ड्रेन स्क्रू उघडून उरलेले थेंबही काढून टाका. पावसाची उघडीप मिळेल तेव्हा, पंधरा दिवसांतून एकदा का होईना, गाडी रंकाळ्याला फेरी मारून आणता आली तर फारच चांगलं. आणून लावलीत की कॉक पुन्हा बंद करायला विसरू नका.