“आईचं आडनाव काय?” – मेक्सिको सिटीत नव्यानं आलेल्यांसाठी

दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी नवीन येतं आणि तेच प्रश्न विचारतं. पाणी कुठलं प्यायचं, पोहे कुठे मिळतात, रात्री बाहेर पडावं का. तोंडी सांगून थकले, म्हणून एकदाचं लिहून काढते. मी मूळची वर्ध्याची. २०११ साली नवऱ्याच्या बदलीमुळे इथे आले, ‘दोनच वर्षं’ या बोलीवर. ती दोन वर्षं अजून संपलेली नाहीत.

सुरुवात कागदपत्रांपासून. दूतावासानं पासपोर्टवर चिकटवलेला व्हिसा म्हणजे नुसतं दारातून आत येण्याचं तिकीट. उतरल्यापासून ३० दिवसांच्या आत इमिग्रेशनच्या कचेरीत निवासी कार्डासाठी जावं लागतं. विमानतळावरच्या अधिकाऱ्याला तो व्हिसा उघडून दाखवा आणि तुमची नोंद पर्यटक म्हणून होत नाही ना, ते तिथल्या तिथे पाहा. मागून निस्तरणं फार जिवावर येतं.

खरी गंमत पुढे, फॉर्मवर. इथे प्रत्येकाला दोन आडनावं असतात, पहिलं वडिलांचं आणि दुसरं आईचं. राष्ट्राध्यक्षांचंच नाव घ्या : क्लाउदिया शेइनबाउम पार्दो. शेइनबाउम वडिलांकडचं, पार्दो आईकडचं. लग्नानंतर बाई आडनाव बदलत नाही. आपलं सगळं याच्या उलट. माझ्या पासपोर्टवर मधलं नाव नवऱ्याचं आणि आडनावही नवऱ्याचं. खिडकीपलीकडच्या बाईंनी दोघांचे पासपोर्ट शेजारी ठेवून अगदी सहज विचारलं, “तुम्ही बहीण-भाऊ का?” आईचं आडनाव विचारलं तेव्हा मी सासूबाईंचं सांगावं की आईचं माहेरचं, याच गोंधळात होते. यावर उपाय एकच, पासपोर्टात जे आहे तेच लिहा, मनानं भर घालू नका. दुसरं आडनाव नसेल तर कुर्प नावाच्या १८ अक्षरी ओळख क्रमांकात त्या जागी ‘एक्स’ येतो, तो येऊ द्या. मात्र एकदा नाव ज्या पद्धतीनं लागलं, त्याच पद्धतीनं बँकेत, शाळेत, घरभाड्याच्या करारात लावा. जन्मदाखला आणि विवाहनोंदणीचा दाखला भारतातूनच अपोस्टील करून, म्हणजे परदेशात चालणारा सरकारी शिक्का मारून आणा. स्पॅनिश भाषांतर मात्र इथल्या मान्यताप्राप्त भाषांतरकाराकडूनच करून घ्या, पुण्यात करून आणलेलं बहुतेकदा चालत नाही.

घर भाड्यानं घेताना ‘आवाल’ मागतात. आवाल म्हणजे ज्याच्या नावावर याच शहरात घर आहे असा जामीन. नवख्या माणसाला असा कुठून मिळणार? तेव्हा ‘पोलिसा हुरिदिका’ चालेल का, असं विचारा. वकिलांची संस्था पैसे घेऊन तुमची चौकशी करते आणि करार मार्गी लागतो. विजेचं बिल दर दोन महिन्यांनी येतं. ते फेकू नका, इथे पत्त्याचा पुरावा म्हणून सगळीकडे तेच चालतं.

हे शहर समुद्रसपाटीपासून २२४० मीटर उंचीवर आहे. पहिला आठवडा जिना चढताना धाप लागेल, डोकं दुखेल. म्हातारे झालो असं समजू नका. पाणी लवकर उकळतं पण तितकं तापत नाही, त्यामुळे डाळ पातेल्यात शिजता शिजत नाही. भारतातून येताना बाकी काही विसरलात तरी चालेल, कुकर आणि त्याच्या दोन जादा रिंगा विसरू नका. प्यायचं पाणी २० लिटरच्या गार्राफोनमधून, म्हणजे मोठ्या बाटलीतून, नळाचं नाही.

सकाळी गल्लीत जे आवाज येतात, ते आधी शिकून घ्या. घंटा वाजली की कचऱ्याची गाडी. “एल गाआआस” म्हणजे सिलिंडरवाला. लहान मुलीच्या आवाजातली रेकॉर्ड गाद्या, फ्रिज, शेगड्या आणि जुनं लोखंड विकत घेऊ म्हणत फिरते, तो आपला भंगारवाला. संध्याकाळी कानठळ्या बसवणारी वाफेची शिट्टी ऐकून मी पहिल्यांदा गॅलरीत धावले होते. भाजलेल्या रताळ्यांची गाडी निघाली.

एक आवाज मात्र या सगळ्यांपेक्षा वेगळा आहे, भूकंपाच्या इशाऱ्याचा. खांबांवरचे भोंगे एकदम ओरडू लागतात. भूकंप दूर, पॅसिफिकच्या किनाऱ्याला झाला असेल तर हादरा शहरात पोचायला मिनिटभर लागतं, तेवढंच मिनिट तुमचं. १९ सप्टेंबर १९८५ च्या भूकंपात इथे हजारो माणसं गेली. त्या स्मरणार्थ दर वर्षी त्याच तारखेला देशभर सराव होतो. २०१७ साली सकाळी ११ ला सराव झाला, आम्ही खाली जाऊन, गप्पा मारून वर आलो. दुपारी १ वाजून १४ मिनिटांनी खरा झाला. तो जवळचा होता, त्यामुळे भोंगा आणि हादरा जवळजवळ एकदमच. माझा कुकर गॅसवर होता. शेजारच्या आजींनी दारातूनच हाक मारली, “गॅस बंद कर पोरी, आणि चप्पल घाल.” ती चप्पल महत्त्वाची, कारण खाली सगळीकडे काचा होत्या. तेव्हापासून पासपोर्ट, टॉर्च आणि चपला दाराशी असतात. तुम्हीही ठेवा.

जमीन अशी थरथरते त्याचं कारण इतिहासात आहे. आस्तेक लोकांनी तेनोच्तित्लान ही राजधानी तळ्यातल्या बेटावर वसवली. १५२१ मध्ये स्पॅनिश सेनानी एर्नान कोर्तेसनं ती पाडली, तिच्याच दगडांवर नवं शहर उभारलं, आणि पुढच्या काही शतकांत तळंच आटवलं गेलं. आपण राहतो ते त्या तळ्याच्या गाळावर. शहर अजून खचतंय. रेफोर्मा रस्त्यावरच्या सोनेरी पंखांच्या देवदूताचा स्तंभ १९१० चा, त्याचा पाया खोलवर रोवलेला. भोवतालची जमीन खाली गेली म्हणून त्याला १४ पायऱ्या नंतर जोडाव्या लागल्या. पाहुणे आले की मी त्यांना त्या पायऱ्या मोजायला लावते.

कोर्तेसबद्दल एक गोष्ट लक्षात असू द्या. मूठभर स्पॅनिशांनी साम्राज्य जिंकलं, ही शाळेतली गोष्ट अर्धीच. त्याच्या बाजूनं लढणारे बहुसंख्य लोक इथलेच होते, आस्तेकांचं शत्रू असलेलं त्लाश्काला आणि त्यांच्या खंडणीला विटलेली इतर राज्यं यांचे. आपल्याला ही कथा नवी वाटू नये. त्लातेलोल्कोच्या चौकात उभं राहिलात तर आस्तेक देवळाचे चौथरे, त्याच दगडांचं चर्च आणि विसाव्या शतकातल्या इमारती एका नजरेत येतात. याच चौकात २ ऑक्टोबर १९६८ ला, ऑलिम्पिकला दहा दिवस उरले असताना, विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला. ऑफिसात त्या तारखेला कुणी गप्प दिसलं तर कारण हे असू शकतं.

सोकालो या मुख्य चौकाशेजारचं तेमप्लो मायोर तर बघाच. १९७८ साली वीज खात्याचे कामगार खणत असताना चंद्रदेवी कोयोल्शाउकीचा सव्वातीन मीटर व्यासाचा दगड सापडला, आणि त्यापाठोपाठ शहराच्या मधोमध अख्खं देऊळ बाहेर आलं. तिथून चालत जाण्याच्या अंतरावर शिक्षण खात्याची जुनी इमारत आहे, भिंतींवर दिएगो रिवेराची चित्रं. त्यातल्या एका चित्रात टेबलाभोवती माणसं बसली आहेत आणि मधला माणूस भाकर मोडून वाटतो आहे. तो चेहरा पांडुरंग खानखोजे यांचा मानला जातो. हे आमच्या वर्ध्याचे. गदर चळवळीतले क्रांतिकारक, इंग्रजांमुळे मायदेशी परतता येईना, म्हणून १९२० च्या दशकात मेक्सिकोत आले, चापिंगोच्या कृषी विद्यालयात शिकवू लागले, मक्याच्या वाणांवर काम केलं, शेतकऱ्यांसाठी मोफत शाळा काढल्या. २०२२ मध्ये चापिंगोत त्यांचा पुतळा बसवला. मी शाळेत असताना हे नाव एकदाही ऐकलं नव्हतं, इथल्या भिंतीवर भेटले. थोडा वेळ तिथल्या कट्ट्यावर बसून राहिले होते.

आता लोकांशी वागणं. तुमचं काम होईल की नाही, हे पहिल्या वाक्यावर ठरतं. दुकानात, लिफ्टमध्ये, डॉक्टरच्या बाकावर, कुठेही शिरताना ‘बुएनोस दियास’ म्हणायचं. थेट “अमुक आहे का?” म्हणणं उद्धट वाटतं. हॉटेलातून बाहेर पडताना अनोळखी टेबलांवरच्या लोकांनाही ‘प्रोवेचो’ म्हणतात. पुढून जायचं असेल तर ‘कॉन पेर्मिसो’. मोठ्यांना ‘उस्तेद’, म्हणजे आपलं ‘तुम्ही’, हे आपल्याला वेगळं शिकवायला नको. आणि ‘आओरिता’. शब्दकोशात अर्थ ‘आत्ता’. प्लंबर म्हणाला आओरिता, म्हणजे आपल्याकडचं ‘आलोच’. ज्यानं ‘आलोच’ म्हटलं तो घरातून निघालेलासुद्धा नसतो. चिडू नका, दुसऱ्या दिवशी तो येतो आणि काम चोख करतो.

या देशाकडे अमेरिकेचं अंगण म्हणून बघू नका. १८४८ च्या तहात कॅलिफोर्नियासकट जवळपास अर्धा मुलूख उत्तरेच्या शेजाऱ्यानं घेतला, ते कुणी विसरलेलं नाही. ‘अमेरिकन’ हा शब्द त्या एकाच देशासाठी वापरलात तर कुणीतरी हसून म्हणेलच, अमेरिकन तर आम्हीही आहोत. आणि ५ मे हा स्वातंत्र्यदिन नाही! ती १८६२ ची पुएब्लाची लढाई, फ्रेंचांना हरवलं ती. स्वातंत्र्याचा जल्लोष १५ सप्टेंबरच्या रात्री, १८१० मध्ये पाद्री मिगेल इदाल्गोनं दिलेल्या हाकेची आठवण म्हणून.

जेवण. शाकाहाऱ्यांनो, ‘सिन कार्ने’ एवढं म्हणून भागत नाही. कार्ने म्हणजे त्यांच्या लेखी बहुतेकदा लाल मांस. कोंबडी आणि हॅम त्यात धरत नाहीत. सगळी नावं घ्या : नि पोयो, नि पेस्कादो, नि हामोन, म्हणजे कोंबडी नको, मासे नकोत, हॅम नको. वर विचारा, मान्तेका आहे का? म्हणजे डुकराची चरबी, घेवड्याच्या उसळीत ती हमखास असते. भातात कोंबडीचं पाणी असतं. मला हे सगळं कळायला वर्ष लागलं, आणि त्या वर्षाबद्दल मी घरी काही बोललेले नाही.

पण बाजारात जा आणि बघा. भोपळ्याची फुलं जुडीनं मिळतात, केसादियात, म्हणजे दुमडलेल्या मक्याच्या पोळीत घालतात. घोळाची भाजी आहे, नाव वेर्दोलागास. गूळ शंकूच्या आकाराचा, पिलोनसियो. लाल अंबाडीच्या बोंडांचं सरबत कोपऱ्याकोपऱ्यावर. तिखटासाठी रंगाला ग्वाहीयो मिरची, झणक्याला चिले दे आर्बोल, दोन्ही भाजून दळा. मिरचीचं मूळ घरच हे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी गोव्याला आणली, त्याआधी आपण मिऱ्यावर भागवत होतो. टोमॅटो, चिकू इथलेच. ‘चिकू’ हा शब्दही इथल्या नावातूनच आपल्याकडे आला. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, धुऊन दळतात, म्हणून तोर्तियाला, म्हणजे मक्याच्या पोळीला, तो वास येतो. पूर्वी तो मेतातेवर वाटत, म्हणजे आपल्या पाट्या-वरवंट्याचाच तीन पायांचा भाऊ. निळ्या मक्याचा, आत घेवडा भरलेला त्लाकोयो कोरडा भाजून मागा. थालीपिठाची आठवण भागते. पोहे मात्र येताना आणा.

आणि ‘आलेग्रिया’. शब्दाचा अर्थ आनंद, वस्तू म्हणजे राजगिऱ्याची चिक्की. अगदी तीच, मेट्रोच्या दाराशी विकतात. आस्तेक लोक राजगिऱ्याच्या पिठात मध कालवून देवांच्या मूर्ती घडवत आणि पूजेनंतर तुकडे वाटून खात. पाद्र्यांना त्यात त्यांच्या चर्चमधल्या प्रसादाची टवाळी दिसली आणि त्यांनी हे धान्य दडपलं. शोचिमिल्कोकडच्या तुल्येवाल्को गावानं ते टिकवलं. माझी आषाढी एकादशी इथे रताळी, शेंगदाणे आणि आलेग्रियावर होते.

ऑक्टोबर संपता संपता बाजार झेंडूनं भरतो. झेंडूही मूळचा इथलाच, नाव सेम्पासूचिल. आपण दसऱ्याला तोरण बांधतो, हे त्याच्या पाकळ्यांची वाट करतात, गेलेल्यांना घर सापडावं म्हणून. १ नोव्हेंबर गेलेल्या लहान मुलांचा, २ नोव्हेंबर गेलेल्या मोठ्यांचा. घरात फोटो, पाणी, मीठ, पाव आणि त्या माणसाचं आवडतं खाणं मांडतात. शेजारच्या आजी नवऱ्यासाठी सिगारेटही ठेवतात. आपला पितृपक्ष डोळ्यांसमोर आणा, फक्त सूर उदास नाही. शहरातली मोठी मिरवणूक मात्र २०१६ पासूनची, एका इंग्रजी सिनेमात दाखवली म्हणून सुरू झालेली. मजा आहे, पण घरातली मांडणी बघायचं आमंत्रण आलं तर मिरवणूक सोडा. जाताना फुलं न्या.

१२ डिसेंबरला ग्वादालुपेच्या मातेचा, म्हणजे मेरीमातेचा दिवस. आधीचे काही दिवस महामार्गावर पाठीवर तसबीर बांधलेले पायी आणि सायकलवरचे जथे दिसतील. वारी पाहिलेल्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही. गाडी हळू चालवा, पाणी वाटलंत तर तेही घेतात. तिथून थेट ६ जानेवारीपर्यंत कामाची अपेक्षा बेताचीच ठेवा. त्या दिवशी ऑफिसात रोस्का नावाचा वाटोळा गोड पाव कापतात, आत लहान बाहुली दडवलेली. ज्याच्या तुकड्यात ती निघाली त्यानं २ फेब्रुवारीला सगळ्यांना तमालेस, म्हणजे मक्याच्या पिठाचे वाफवलेले उंडे द्यायचे. आमच्या ह्यांना पहिल्याच वर्षी निघाली, आणि त्यांनी ती अक्रोड समजून चावली. तुम्हालाही निघाली तर तमालेसची ऑर्डर आठवडाभर आधी द्या, आदल्या दिवशी कुणी घेत नाही. त्यातले सहा-सात मान्तेकाशिवाय, चीज आणि मिरचीचे सांगा. ते आपल्यासाठी.